रस्त्यालगतचा तुकडा

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. आज अकोल्यात कॉलेजच्या पोरांना सॅम्पलिंग शिकवताना पुन्हा डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले.

मी अमरावतीला संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. दसऱ्याच्या सुट्टीत तुम्ही मला दर्यापूरकडे पीक कापणी प्रयोगाला नेलं. तुम्ही कृषी सहायक. तुम्ही कापलेल्या तुकड्याच्या वजनावरून अख्ख्या गावाचं उत्पादन ठरायचं, अन् ते कमी भरलं तरच पीकविमा. तुकडा कुठला, ते तक्त्यातले रँडम नंबर सांगणार: कोपऱ्यापासून लांबीला इतकी पावलं, रुंदीला इतकी. मी हौसेनं पावलं मोजत निघाले. नंबर आला पार आत, पाणी साचून पिवळ्या पडलेल्या सोयाबीनमध्ये. चिखल घोट्याच्या वर. अन् तुम्ही रस्त्यावर गाडीला टेकून उभे!

"इकडे ये वो, कायले मरून राहिली तिकडं? हा काठचा कापू."

काठचं सोयाबीन चांगलं भरलेलं. मी म्हटलं, "बाबा, नंबर आला तिथंच खुंटी ठोकावी लागते."

चार माणसांसमोर खेकसलात, "दोन बुकं वाचले अन् मले शिकवून राहिली? पंचवीस वर्स झाले मले हे करून."

पंचवीस वर्षं! म्हणजे पंचवीस वर्षं तुम्ही फक्त काठ मोजलेत. लाज कशी वाटली नाही हो?

कागदावर गाव पिकलं. विमा मिळाला नाही. त्याच गावची माझी मैत्रीण, वर्गात माझ्याच बाकावर बसणारी, दिवाळीनंतर कॉलेजात आलीच नाही. भेटायला गेले तर अंगणात तूर निवडत होती. "आमचं पीक चांगलं झालं म्हणते सरकार," ती म्हणाली, "मंग मायी फी कावून नाई भरली बाबानं? तुले समजते ना आकडे, सांग." मी चहा पिऊन परत आले.

आता कुठलाही आकडा पाहिला की मी आधी विचारते, कोणी मोजला, कुठं उभं राहून? ही सवय मला तुमच्यामुळे लागली, पण आभार मानणार नाही. पोरांना दरवर्षी एका कामचुकार सहायकाची गोष्ट सांगते. ती माझ्या बापाची आहे, हे सांगत नाही.

आणखी एक सांगत नाही. त्या दिवशी तुमचा चष्मा घरी राहिला होता. फॉर्म मी भरला. काठच्या तुकड्याला जुळतील असे नंबर तक्त्यातून मीच शोधून काढले. चष्म्याविना तुम्हाला ते जमलं नसतं. तुम्ही पाठीवर थाप मारून म्हणालात, "आता कामी आलं तुयं शिक्षण."

बाबा, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.