गल्लीच्या तब्येतीचा कंट्रोलर

१ फेब्रुवारी
काल रिटायर झालो. सोलापूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक. निरोप समारंभ छान झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ.
आज सकाळी खुर्चीत बसून चहा मागितला. कोणी हललं नाही. स्टँडवर मी माइकवर नुसतं 'अक्कलकोट' म्हटलं तरी माणसं पिशव्या उचलून धावायची. मनाला लागलं. काहीतरी केलं पाहिजे. समाजासाठी.

३ फेब्रुवारी
ठरलं. गल्लीचं आरोग्य सुधारायचं. अख्ख्या भवानी पेठेत आमच्याइतकी ढासळलेली गल्ली नसेल. समोरचे बसलिंगप्पा: पोट आणि शुगर. शेजारच्या सावित्रम्मा: गुडघे. गणपती मंडळाचा अध्यक्ष युवराज: वय तिशीचं, दम साठीचा.
आमचं घर बोळाच्या तोंडाशी. दूध, भाजी, देऊळ, कशालाही निघा, माझ्या ओट्यासमोरूनच जावं लागतं. कंट्रोल पॉइंट म्हणून जागा एक नंबर. दुसरा रस्ता आहे, पण तो बंद गिरणीच्या भिंतीला पुरता वळसा घालून जातो. तिकडून कोण जाणार?
वच्छला म्हणाली, आधी स्वतः चालायला लागा. बायकोला सिस्टिम समजत नाही. कंट्रोलर गाडी चालवत नसतो, गाड्या सोडतो.

५ फेब्रुवारी
शुभारंभ. ओट्यावर खुर्ची, टेबल, वजनकाटा, बीपीचं मशीन. युवराजकडून मंडळाचा स्पीकर आणला.
पहिलीच घोषणा जोरदार झाली. बसलिंगप्पा जिलेबीचा पुडा घेऊन येत होते. माइकवर सांगितलं, बसलिंगप्पांनी हातातल्या पुड्याचा आणि रक्तातल्या साखरेचा विचार करावा. आवाज मेन रोडपर्यंत गेला. रिक्षावाले थांबून बघत होते. बसलिंगप्पा पुडा शर्टाखाली धरून तरातरा घरात गेले, फार भावनाविवश झाले.
सावित्रम्मांना काट्यावर उभं केलं आणि वजन जाहीर केलं. पारदर्शक कारभार. त्या तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. आशीर्वाद असावा.

९ फेब्रुवारी
युवराज स्पीकर दुरुस्तीला घेऊन गेला. चांगला चालला होता, पण आधीच काळजी घेतलेली बरी म्हणाला. पोरगं जबाबदार आहे. घसा आहेच माझा.

१८ फेब्रुवारी
बोळातली वर्दळ झपाट्याने कमी. अर्थ उघड आहे: लोकांनी अरबट चरबट आणायला बाहेर पडणं सोडलं. इतक्या लवकर फरक पडेल असं वाटलं नव्हतं.
वच्छलाही पहाटेच देवळात जायला लागली आहे. मागच्या दाराने जाते. पुढचं दार करकरतं, तुमची झोप मोडते म्हणाली. येताना चेहरा ताजातवाना. भक्तीने माणूस किती बदलतो.
संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून मिरची भजी मागवली. तेल तपासायला. एका घाण्यावरून अंदाज येत नाही, म्हणून दुसरा घाणाही बघितला.

४ मार्च
सकाळपासून बोळात एक कुत्रं आणि एक गॅसवाला. गॅसवाल्याला थांबवून बीपी घेतलं. वाढलेलं निघालं. खांद्यावरचा सिलेंडर खाली ठेवायला सांगायला हवं होतं, हे नंतर लक्षात आलं. मीठ कमी करा म्हणालो. बघत राहिला.

१५ मार्च
ऊन तापलं. ओट्यावर छत्री बांधली.
दूधवालाही आता बोळात येत नाही, गिरणीच्या मागे उभा राहतो. फोन करून झापला तर म्हणे, काका, समदं गिऱ्हाईक तितंच येतंय की, मी हितं येऊन काय करू. तिकडची वस्ती बरीच वाढलेली दिसते.
खरं सांगायचं तर कंटाळा येतो. निरोगी माणसांना आपली गरज उरत नाही. डॉक्टर लोकांचंही असंच होत असेल.

६ एप्रिल
आनंदाची बातमी. पालिकेच्या दवाखान्यातल्या प्रतीक्षा सिस्टर रविवारी समाजमंदिरात तपासणी शिबिर घेणार. दिवाळीनंतरच्या शिबिरात गल्लीचे रिपोर्ट बघून त्यांनी कपाळाला हात लावला होता. आता बघा म्हणावं.
सत्कार होण्याची शक्यता आहे. निरोपाची शाल इस्त्रीला दिली. भाषण तयार केलं. सुरुवातीला नम्रपणा, नंतर मी काय काय केलं ते.

१२ एप्रिल, दुपारी
बसलिंगप्पांची शुगर आटोक्यात, पोट आत. सावित्रम्मा कठड्याला हात न लावता समाजमंदिराच्या पायऱ्या चढल्या. युवराजचा दम युवराजला परत मिळाला. सिस्टर थक्क. त्यांनी विचारलं, अशी काय जादू केली तुम्ही सगळ्यांनी. मी शाल सारखी करून उभा राहिलो.
तेवढ्यात सावित्रम्मा म्हणाल्या, जादू कसली, रोज चार वेळा गिरणीच्या मागनं जातोय की आमी. सिस्टरनी विचारलं, जवळचा बोळ सोडून एवढ्या लांबून का.
बसलिंगप्पा पंख्याकडे बघत होते, युवराज मोबाइलमध्ये. शेवटी वच्छलाच म्हणाली, बोळाच्या तोंडाशी आमचे हे बसतात.
म्हणजे वच्छलाही. देऊळ वगैरे काही नाही. पहाटे या सगळ्यांच्या पुढे तीच चालत असते, हे युवराजने सांगितलं.
मग सिस्टरनी माझं बीपी घेतलं. अख्ख्या गल्लीत सर्वांत जास्त. रोज चाला म्हणाल्या. शाल घडी करून पिशवीत ठेवली.

१२ एप्रिल, संध्याकाळी
जेवण गेलं नाही. वाईट वाटलं, फारच वाटलं. जन्मभर गाड्या सोडल्या आणि नाकासमोरचा अख्खा रूट बदललेला मला कळला नाही.

१३ एप्रिल
खुर्ची, टेबल, छत्री, काटा, सगळं आत. समाजसेवा बंद.

१५ एप्रिल
बोळ पुन्हा भरून वाहतो आहे. बसलिंगप्पांच्या हातात जिलेबीचा पुडा दिसला. मी खिडकी लावून घेतली.
संध्याकाळी शिष्टमंडळ आलं. बसलिंगप्पा, सावित्रम्मा आणि युवराज. युवराजच्या हातात स्पीकर. दुरुस्त झाला म्हणे. बराच वेळ उन्हाळ्यावर बोलले. मग बसलिंगप्पा म्हणाले, रावसाहेब, तुमी पुन्हा ओट्यावर बसा की. तुमी न्हाय तर पाय तिकडं वळतच न्हाईत. जवळचा रस्ता मोकळा असला की माणूस आळशी होतंय. सावित्रम्मा म्हणाल्या, सांधे लगेच धरायला लागलेत.
रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच कोणाला तरी माझी गरज पडली. पडली ती अशी. विचार करून सांगतो म्हणालो आणि लगेच हो म्हणालो.
ते गेल्यावर वच्छला म्हणाली, संध्याकाळी आपण दोघं चालत जाऊ. एकच अट, वाटेत कोणाला काही सांगायचं नाही.

१६ एप्रिल
सकाळी ओट्यावर बसलो. स्पीकरसकट. एकही माणूस फिरकला नाही. काम उत्तम चालू आहे.
संध्याकाळी वच्छलाबरोबर निघालो. निम्म्या वाटेत दम लागला. तिने कोपर धरलं आणि हळू चालायला लागली. बरं वाटलं. तिच्याबरोबर असं चालून किती वर्षं झाली, आठवेना.
गिरणीच्या कोपऱ्यावर समोरून बसलिंगप्पा येताना दिसले. हातात पुडा होता. मी ठरल्याप्रमाणे तोंड मिटून घेतलं. त्यांनी मला बघितलं, जागच्या जागी वळले आणि रेल्वे लाइनकडच्या रस्त्याला लागले. तो तर याहून लांब पडतो.
त्यांची चाल बरीच सुधारली आहे.