चामड्याचा भाता

मौजे नेकनूर
मार्गशीर्ष वद्य पंचमी, सन १३२३ फसली

शांताच्या आप्पांच्या चरणी शिवकांतेचे शरणार्थ.

इकडे सगळे खुशाल. पालीच्या वन्सं बाळंत झाल्या, मुलगा झाला. मामंजींचा गुडघा थंडीनं धरतो, पण गादीवर बसून हुकूम सोडायला गुडघा लागत नाही, तेव्हा त्यांचं बरं चाललं आहे. तुमचं हैदराबादेहून कार्ड पोचलं.

कार्डात दोनच गोष्टी आहेत. धूळ ओढायचं यंत्र परत पाठव, आणि मामंजींच्या पाया पडून शुद्ध करून घे. मला काही विचारावं असं तुम्हाला वाटलं नाही. मामंजींनी काय कळवलं असेल ते मला ठाऊक आहे, म्हणून झालं ते मीच लिहिते.

दसऱ्याला तुम्ही ते बैलगाडीतून आणलंत तेव्हा अर्धं गाव ओट्यावर जमलं होतं. तुम्ही दांडा चार वेळा वरखाली केलात, सतरंजीवरून नळी फिरवलीत, वाहवा घेतलीत आणि आठव्या दिवशी निघून गेलात. रोज चालवलं ते मी. कामाची बायनाबाई नळी धरते, मी दांडा मारते. तिनं त्याचं नाव ढेरपोट्या ठेवलं आहे. त्याच्या पोटातली कापडी पिशवी गच्च भरली की ते ओढेनासं होतं, मग ती वाऱ्याकडे पाठ करून उकिरड्यावर झटकायची. धुतली तर कडक उन्हात वाळवायची. ओलसर घातली की धुळीचा चिखल होतो. हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. चुकतमाकत शिकले.

दुकान पुढं, घर मागं. ज्वारीची पोती, कापूस, त्यांचा भुसा सगळा गाद्यांत आणि घोंगड्यांत येऊन बसतो. महिनाभर केरसुणीनं काही झटकलं नाही आणि महिनाभर शांता निवांत झोपली.

मग दांडा मारताना आतून फर्रकन आवाज आला. लाकडी पेटी उघडली तर भात्याला घडीवर चीर. तोवर आत चामडं आहे हे मामंजींना माहीत नव्हतं. "देव्हाऱ्याला लागून चामडं ठिवलंस? कुणाचं हाय ते तरी ठावं हाय का?" असं म्हणून त्यांनी ते सगळं ओरबाडून काढलं, दुकानातलं मांजरपाट दुहेरी शिवून भात्याला ठोकलं आणि पेटीला भस्माची तीन बोटं ओढली. यंत्र शुद्ध झालं. फक्त धूळ ओढेना. कापडातून वारा गळतो हे लोहाराचं लेकरूही सांगेल, पण आमच्या घरात सांगायचं कुणी?

परत केरसुणी आली. तिसऱ्या दिवशी शांताचा श्वास लागला. फासळ्या आत जात होत्या, ओठ निळे, आणि ती मला विचारत होती, "आई, ढेरपोट्या कावून चालंना?" मी काय सांगणार होते? भस्म लावल्यामुळं?

दुसऱ्या दिवशी भरदुपारी बायनाबाईच्या डोक्यावर पेटी दिली आणि गावाबाहेर रामकिसन चांभाराच्या दारात जाऊन उभी राहिले. तो बिचारा घाबरून उठला. "बाई, निरोप धाडायचा, मी आलो असतो वाड्यामागं. तुमी इथं कशापायी आलात?" मी म्हटलं, काम माझं आहे, म्हणून मी आले. त्यानं कापड बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ह्यानं वारं धरत न्हाई बाई. बकऱ्याचं कातडं पायजे, लई मऊ."

त्यानं कातडं बेतलं, मी घड्या धरल्या. अर्धी शिवण त्याची, अर्धी माझी. करडीचं तेल कसं आणि किती दिवसांनी चोळायचं तेही शिकून घेतलं, म्हणजे पुन्हा चीर पडली तर मला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. तिन्हीसांजेच्या आत घरी आले. मामंजी दारातच उभे होते.

"त्याच हातानं भाकरी थापणार हायस का?"

"व्हय," मी म्हटलं. पहिल्यांदाच त्यांच्यापुढं मान वर करून बोलले. "मामंजी, दुकानात तेल येतं ते बुधल्यात. बुधला चामड्याचा. तेच तेल देवापुढच्या समईत जळतं. मळ्यात मोटेचं पाणी ओंजळीनं पिता, मोट चामड्याची. जंगमस्वामी पुराण सांगतात, शरणांच्या, म्हणजे जुन्या शिवभक्तांच्या, मेळ्यात चांभारही मांडीला मांडी लावून बसायचा, ते ऐकून तुमच्या डोळ्यांना पाणी येतं. ह्या घरात चामडं कुठं कुठं हाय ते दाखवू का?"

त्या दिवसापासून माझी चूल वेगळी आहे. माझ्या हातचं कुणी खात नाही, फक्त शांता खाते. ती पोटभर जेवते आणि गाढ झोपते, कारण ढेरपोट्या चालतो आहे.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. यंत्र आणलंत तेव्हा तुम्ही म्हणालात, पाहुण्यांना दाखवायला गंमत. मी हसले. आपण दोघंही खोटं वागलो. आपल्या थोरल्या महादेवीचे श्वास असेच लागायचे, आणि गेल्या वर्षीच्या दसऱ्याला घर झाडताना सगळी पोती झटकली, त्या धुळीत ती माझ्या मांडीवर गेली. तुम्ही पोचलात तोवर सारं आटोपलं होतं. मामंजी म्हणाले, शिवाची इच्छा. आणि तुम्ही वर्षानं बरोबर त्याच सणाला यंत्र घेऊन आलात. तिचं नाव न घेता तुम्ही तिच्यासाठी रडलात ते असं. मला कळलं होतं. म्हणून तर ह्या कार्डाचा मला राग आला. कुठल्या तोंडानं ते परत मागता?

तर माझं उत्तर. मामंजींच्या पाया पडेन, रोजच पडते. शुद्ध करून घेणार नाही, कारण बाटलेलं काही नाही. यंत्राचा तुमचा हुकूम मात्र मोडत नाही. पौष पुनवेला माझा भाऊ भारत जालन्याला रेल्वेवर बैलगाडी नेतो आहे. त्या गाडीत यंत्र असेल, यंत्राशेजारी शांता, आणि दांडा मारायला मी. तुमची खोली एवढीशी आहे असं दर पत्रात लिहिता. एवढ्याशा खोलीत धूळही कमीच असेल.

नाहीतर पुनवेआधी मामंजींना तुमच्या हातानं चार ओळी लिहा, की यंत्र ह्या घरात चामड्यासकट राहील. तिसरी वाट मी ठेवलेली नाही. एक लेकरू झाडलोटीत घालवलं, दुसरं घालवणार नाही.

कागदाला करडीच्या तेलाचा वास येईल. आज भात्याला तेल चोळायचा दिवस होता, तोच हात आहे.

वर्षभर सगळे मला शांताची आई म्हणतात, थोरलीचं नाव कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून. मीही तशीच सही करत आले. आज नाही.

महादेवीची आई,
शिवकांता