बाबा पूर्ण वेळ आडवे होते

ती. ताई,

आमच्या बोटीवरच्या घरातून तुला वाकून नमस्कार. (उठताना डोकं छताला लागलं. इथे आदर दाखवणं जरा जोखमीचंच आहे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींनी चहातली साखर खरंच सोडली, की तुझ्यासमोर सोडली? आम्ही खुशाल आहोत, आणि बाबा तर इतके खुशाल आहेत की फोनवर त्यांचा आवाज ऐकून तुला संशय येईल. म्हणून आधी मीच लिहून टाकते.

छातीच्या दुखण्यानंतर बाबांना पहिल्यांदाच आमच्याकडे आठ दिवस पाठवताना तू अटींचा कागद दिला होतास. गार खोलीत ठेवणे, जड उचलू न देणे, दुपारभर आडवं ठेवणे, आवाज चढवू न देणे. एक जरी मोडली तर भाऊजी गाडी घेऊन येतील आणि बाबा पुन्हा बोटीवर येणार नाहीत, हे लाल शाईत. ताई, चारांपैकी तीन अटी आम्ही अक्षरशः पाळल्या. पहिलीचं काय झालं तेवढं ऐक.

बाबा आले त्याच दुपारी कॅबिनमधला एसी बंद पडला. बोटीतला एसी बाहेरच्या पाण्यावर चालतो. एक छोटा पंप तळातून पाणी ओढतो आणि काम झालं की बोटीच्या कुशीतून धार बाहेर सोडतो. ती धार थांबली. आमच्या ह्यांनी बाहेर वाकून पाहिलं आणि ऑपरेशन करून बाहेर आलेल्या डॉक्टरांच्या चेहऱ्याने म्हणाले, “पंप गेला.”

नवा पंप यायला दोन दिवस लागले. कॅबिनची नुसती भट्टी झाली होती. मी बाबांना ओल्या पंच्यात गुंडाळून टेबलफॅनसमोर ठेवलं, तासातासाला पाणी पाजलं आणि नाडी इतक्या वेळा मोजली की ते म्हणाले, “अगं, तिलाही जरा विसावा दे.” धक्क्यावरच्या ऑफिसात गार बसा म्हटलं, तर हलायला तयार नाहीत. मी दोनदा तुला फोन लावायला घेतला आणि दोनदा ठेवला. (भाऊजींची गाडी डोळ्यांसमोर दिसत होती गं, टपावर बाबांची वळकटी बांधलेली.)

तिसऱ्या दिवशी पंप आला. ह्यांचा स्वभाव तुला माहीत आहे; स्वतः रस्ता चुकले तरी कुणाला विचारणार नाहीत, दुसऱ्याने विचारला तर मात्र सोडणार नाहीत. जुना पंप काढण्याआधी त्याचा फोटो काढायचा, म्हणजे नवा तसाच बसवता येईल, अशी युक्ती त्यांनी काढली. जमिनीतली फळी उचलली, मी पाय धरले, आणि हे त्या भोकात वटवाघळासारखे लटकून फोटो काढून आले. मग पाना घेतला. बाबांनी अंथरुणावरून एवढंच विचारलं, “जावईबापू, पाणी आत येतं तो खालचा कॉक बंद केलात?”

“बाबा, तुम्ही आराम करा हो,” हे म्हणाले, आणि नळी ओढली.

बोटीखाली सगळं पाणीच असतं, ताई, आणि ते सगळं एकदम आत यायला निघालं. ह्यांनी भोकात अंगठा घातला आणि तिथूनच मला ओरडून कॉक कुठे आहे ते सांगू लागले, पण हात अडकल्यामुळे दाखवता येईना. मला आधी माझी हरवलेली चप्पल सापडली, मग कॉक.

यथावकाश नवा पंप बसला. घूं घूं वाजला. धार मात्र नाही. “फोटोत आहे अगदी तसाच बसवलाय!” असं हे पंपालाच रागावून सांगत होते. बाबांनी हात पुढे करून फोन मागितला, बघितला, आणि उलटा करून परत दिला.

फोटो काढताना हे स्वतःच उलटे होते ना! पंपाचं तोंड वर हवं ते खाली झालं होतं आणि आत हवा कोंडली होती.

पुढचा दीड तास बाबा आडवे होते. पालथे होते, डोकं फळीच्या भोकात होतं, पण आडवे. तुझ्या कागदावर ‘उताणे’ असं कुठेही नाही. जडही काही उचललं नाही, पाने मीच हातात देत होते. “बाराचा दे. हा नव्हे गं, बाराचा! लग्न झालं तरी पाना ओळखता येईना!” (हा आवाज चढला नव्हता, भोकातून तो घुमतो.) ताई, बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्याचे पंप चालवलेला माणूस हा. आणि सहा महिने आपण त्यांना पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरू दिलेला नाही, हे पाने देता देता माझ्या ध्यानात आलं. आपण म्हणजे मीसुद्धा.

धार सुटली तेव्हा हे टाळ्या पिटत डेकवर धावले. बाबांनी तळहात पंपावर ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाले, “हं.” मग गार कॅबिनमध्ये तीन तास झोपले. नाडी बहात्तर.

रागवायचंच असेल तर माझ्यावर रागव, ते दोघं निरागस आहेत. मुलांना पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. माळ्यावर बाबांची पान्यांची पिशवी आहे, ती कुणाबरोबर तरी पाठव. बाबांनी मागितलेली नाही. (दोनदा मागितली आहे.)

ता. क. २. आठ दिवसांचे दोन महिने होतील का गं? त्यासाठीच तर एवढं लिहिलं. शेजारच्या बोटीवरच्या बाई सकाळी आपला पंप कडेवर घेऊन आल्या होत्या. बाबांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि मग त्यांना आत बोलावलं.

ता. क. ३. थोरले, हे माझं अक्षर. धाकटी डिंक शोधायला गेली आहे. जुना पंप चांगला होता. पहिल्याच दिवशी आवाजावरून कळलं, पंप फिरतोय, त्याला पाणी पोचत नाही. जावईबापूंनी ओढली ती नळी आणि पंप यांच्या मध्ये गाळणी असते, तिच्यात प्लास्टिकची पिशवी अडकली होती. ती पालथा असताना काढून खिशात घातली. आधीच सांगितलं असतं तर पाच मिनिटांत काम आटोपलं असतं आणि दोघांनी मला पुन्हा झोपवलं असतं. जावईबापूंना बोलू नकोस, फार मन लावून करत होते. जुना पंप माझ्या अंथरुणाखाली ठेवला आहे. तो खोलून, पुसून, परत जोडायला एक तास लागतो. तुझ्या अटींप्रमाणे बेताबेताने केलं तर दोन महिने सहज लागतील.