आईची मूळ फाइल

ता. ३ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू हो ला हो लावतोस आणि ठेवला की विसरतोस, म्हणून हे पत्र. केस पिकले तरी सवय काही जात नाही तुझी.

बातमी आनंदाची आहे. आई ज्या रुग्णालयात एकतीस वर्षं परिचारिका होती, तिथे प्रसूती विभागाची नवी इमारत झाली. मेट्रनबाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. आत शिरल्याबरोबर समोर एक अख्खी भिंत मोकळी ठेवली आहे, दहा फूट उंच. तिथे आईचा फोटो लावायचाय. तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी वॉर्डात काढलेला, खिडकीपाशी उभी आहे तो. हे बघायला आई हवी होती. उद्घाटन पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला आहे.

तेव्हा तो फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसा, मूळ स्वरूपात पाठव. तुझ्या स्टुडिओच्या वेबसाइटवरचा नको. गेल्या वर्षी जुना संगणक देऊन टाकताना माझ्याकडची प्रत मी तुझ्या भरवशावर पुसली, त्यामुळे आता जगात ती एकच, तुझ्याकडे. आमच्या नकाशांच्या दफ्तरात साधा बांधाचा नकाशासुद्धा दोन ठिकाणी ठेवतात, आणि मी आईला एकाच ठिकाणी ठेवलं. साहेबांना कळलं तर हसतील.

तुझ्या बायकोला आशीर्वाद सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई


ता. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून स्टुडिओत नाचायचाच बाकी राहिलो. दहा फूट आई! आयुष्यभर पाच फुटांवरून तिने सगळ्या वॉर्डाला धाकात ठेवलं, आता तर डॉक्टरही दबून चालतील.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात फोटो टिफमध्ये ठेवलाय, चांगला बहात्तर एमबीचा. वेबसाइटवरचा नको हे तू मला सांगतेस? गिऱ्हाइकांना हेच समजावण्यात माझा दिवस जातो. जेपेग हलका होतो तो डोळ्यांना चुकल्यासारखं वाटणार नाही ते टाकून देऊन. पुन्हा उघडून, हात फिरवून साठवला की आणखी थोडं टाकतो. पीएनजी काहीच टाकत नाही, म्हणून दुकानाच्या पाटीला, अक्षरांना, मागची बाजू पारदर्शक हवी तिथे तो उत्तम. पण लग्नाचा अल्बम त्यात चढवलास तर वेबसाइट उघडेपर्यंत नवरा-नवरीला मुलं होतील. वेबपी सगळ्यांत हलका, वेबसाइटवर हल्ली मी नवे फोटो त्यातच टाकतो, पण छपाईवाल्यांना तो रुचत नाही. त्यांना टिफ लागतो, जड पण प्रामाणिक. आणि रॉ फाइल म्हणजे आपली निगेटिव्हच, ती धुऊन-सुधारूनच पुढे जायचं. ते सगळं मी केलंय, तुला डोकेफोड नको.

उद्घाटनाला येतोच. तोवर रागलोभ सांभाळून घे.

तुझा,
बारक्या


ता. २० जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं व्याख्यान दफ्तरात सगळ्यांना वाचून दाखवलं. हसून पुरेवाट झाली. पण छपाईखान्यात माझी फजिती झाली.

तिथे फाइली तपासायला एक बाई आहेत. त्यांचं म्हणणं, फाइल टिफ असली तरी फोटो मुळात बारीक जेपेग होता. आईच्या कानाजवळचे केस त्यांनी पडद्यावर मोठे करून दाखवले. केस कसले, कापूस होता, आणि त्याच्याभोवती फिकट चौकोन. जेपेगने एकदा टाकलेलं टिफमध्ये साठवून परत येत नाही, फाइल नुसती फुगते, असं त्या मला समजावू लागल्या. मला फार राग आला. माझा भाऊ वीस वर्षं याच धंद्यात आहे, तो असलं काही करणार नाही, असं मी त्यांना चारचौघांत ठणकावलं. बिचाऱ्यांनी पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला.

घाईत भलतीच फाइल भरली असशील. आता सुधारत बसू नकोस, रॉ फाइलच पाठव. छपाईला आठ दिवस लागतात.

तब्येतीला जप, आणि ताईची आठवण असू दे.

तुझी,
ताई


ता. २ जुलै

ती. ताईंना,
भावजयीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून यांनी तीनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. डिस्क दुरुस्तीला दिली आहे असं मीच तुम्हाला कळवावं, असं काल मला म्हणाले. मी नाही म्हटलं. खरं ते लिहिते.

मामंजींच्या वेळेपासून स्टुडिओचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. काम गिऱ्हाइकाच्या हाती गेलं की निगेटिव्ह तीन वर्षं ठेवायच्या, मग काढून टाकायच्या. हे तोच नियम संगणकावर चालवतात. सासूबाईंचे फोटो वेबसाइटवर चढले तेव्हा यादीत त्यांच्यापुढेही काम दिल्याची खूण झाली. गेल्या वर्षी मार्चमध्ये तीन वर्षं भरली आणि इतरांच्या लग्नांबरोबर त्यांच्याही रॉ फाइली गेल्या. उरला वेबसाइटवरचा दीडशे केबीचा जेपेग. तोच मोठा करून यांनी टिफमध्ये साठवला.

हे यांच्या लक्षात आलं पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये. संगणक देण्याआधी विचारायला तुम्ही फोन केलात तो मे महिन्यात. मी शेजारीच बसले होते. सगळं नीट आहे, खुशाल पूस, असं हे तुम्हाला म्हणाले. मी ऐकलं आणि गप्प राहिले. तेवढा अपराध माझाही.

रागवा, पण तोडू नका.

तुमची,
भावजय


ता. ७ जुलै

बारक्या,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

फाइल गेली, हे मी समजू शकते. माझ्या हातून दफ्तरात एका गावाचा अख्खा नकाशा पुसला गेला होता. त्याच दुपारी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले, बोलणी खाल्ली, दुसरी प्रत काढली, विषय संपला. पण मे महिन्यात तुझ्याकडची गेली होती आणि माझ्याकडची शाबूत होती. नुसतं पुसू नकोस एवढं म्हणाला असतास! कारणसुद्धा विचारलं नसतं मी. तू खुशाल पूस म्हणालास. आईची शेवटची प्रत तू माझ्याच हाताने पुसून घेतलीस.

आणि वर ते बहात्तर एमबी. बसून, मापं घेऊन फुगवलेस. वर प्रामाणिकपणावर व्याख्यान दिलंस आणि मी मूर्ख ते लोकांना कौतुकाने वाचून दाखवत बसले. कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकत होतास? कॅमेरा कसा धरायचा ते तुला मी शिकवलंय. त्या छपाईवाल्या बाईंशी मी तुझ्यासाठी भांडले. काल जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांनी एका शब्दाने काही विचारलं नाही, त्यामुळे तर जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला एवढंच सांग, का?

ताई


ता. ११ जुलै

ती. ताईस,
सा. न.

कारण इतकं क्षुल्लक आहे की लिहायची लाज वाटते. तुझा फोन आला तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं. तू सहज विचारलंस, मी सहज बोलून गेलो. तू लगेच पुसशील हे डोक्यात आलं नाही. दोन दिवसांनी धीर करून फोन केला, तर संगणक गेलासुद्धा, असं तू सांगितलंस. आता बोलून काय उपयोग, असं वाटलं. मग वर्षभर तेच वाटत राहिलं.

फाइली परत काढून देणाऱ्या दोघांना डिस्क दाखवली. त्या जागेवर नंतरची लग्नं चढली आहेत, काही निघत नाही. यादीत आईच्या नावापुढची ती खूण माझ्याच अक्षरातली आहे. आपल्या आईला मी गिऱ्हाईक केलं.

उद्घाटनाला यायचं माझं तोंड नाही. तू सांगशील ते करीन. काही मागण्याचा हक्क मला उरलेला नाही.

बारक्या


ता. १८ जुलै

बारक्यास,

उद्घाटन झालं.

तुझ्याकडच्या जेपेगची उंची बाराशे ठिपके. तेवढ्यात नीट छापला तर फोटो चार इंच उंच होतो, त्यापुढे चेहरा विरघळत जातो. छपाईवाल्या बाई ओढूनताणून मोठा करून द्यायला तयार होत्या. मी नको म्हटलं. आईला कापसाची करून टांगायची नव्हती. त्या दहा फुटी भिंतीवर मधोमध चार इंचांची आई लावली आहे. आत येणाऱ्यांना आधी भिंत रिकामीच वाटली. मग एकेक परिचारिका नाक भिंतीला लागेल इतकी जवळ जाऊन बघून आली.

एवढासा का, असं मेट्रनबाईंनी विचारलं. मूळ फाइल माझ्या हातून पुसली गेली, असं मी सांगितलं. खोटंही नाही ते. हे तुझ्यावर उपकार म्हणून केलं नाही. आईसमोर तिच्या मुलाचं नाव घ्यायला माझी जीभ रेटली नाही. त्या मला म्हणाल्या की आईच्या बाबतीत एवढी हयगय करायला नको होती. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

यापुढे माझे फोटो तुझ्याकडे ठेवणार नाही. इतक्यात पत्र पाठवू नकोस, मला वाटलं की मीच लिहीन.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. ती मूळ फाइल मोठी करत आईच्या चष्म्यापर्यंत गेलं की काचेत आपण दोघं दिसायचो. कॅमेरा धरलेली मी, आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड टाकायला पांढरा पुठ्ठा धरून उभा असलेला तू. पुठ्ठा हलू नये म्हणून श्वास रोखून गाल फुगवले होतेस. आई तुझ्याकडे बघून हसतेय, हे तिथे कळायचं. आई गेल्यावर मी ते कितीतरी वेळा उघडून बघितलं.

काल भिंग घेऊन गेले होते. काचेत आता एक करडा ठिपका आहे. त्यात मी कुठली आणि तू कुठला, ते सांगता येत नाही.

ताई