त्या देशाचा कोणताही माल

पालघर, ३ मार्च १९६६

चि. सौ. पुष्पलता हीस अनेक आशीर्वाद.

एस.टी.ने आलेल्या तुझ्या सुक्या बोंबलांच्या गाठोड्याविरुद्ध मी ही गंभीर तक्रार नोंदवत आहे. सदर गाठोड्याने माझ्या काळ्या कोटाशेजारी एक रात्र काढली. सकाळी मी उलटतपासणीला उभा राहिलो, तेव्हा न्यायाधीशांनी दोनदा खिडकी उघडायला लावली. अशिलाला वाटलं, वकीलसाहेबांचा मुद्दा फारच झोंबला.

बहिणीने बोंबील पाठवावेत, पण पलटणीला पुरतील एवढे? जानूरावांचं, तुझं ठीक आहे ना? खरं लिही.

तुझ्या भाजणीवर डोळा असलेला,
कमलाकांत

सातपाटी, ८ मार्च

ती. कमलाकांतदादास सा. न. वि. वि.

कोटाला धूप दाखव. बोंबील विकले गेले नाहीत, म्हणून तुझ्याकडे आले.

जो देश दरवर्षी आपली सुकी मासळी नेतो, त्याने यंदा नकार दिला. व्यापारी मच्छीमार सोसायटीत सांगून गेला, की आधी तुमच्या सरकारने आमची इंजिनं घ्यावी, मग आम्ही बोंबील घेऊ, असं ते म्हणतात. आमच्या शेजारची काशीबाई सर्वांसमोर म्हणाली, मंग आमी काय काठीवर इंजिनं सुकवू? सगळे हसले. मग कुणी हसेना.

यांचं जाळं पार फाटलंय. पावसाळ्यात नवं विणून झालं नाही, तर नारळी पुनवेला आपली होडी वाळूवरच राहील आणि हे वर्षभर दुसऱ्याच्या होडीवर गडी म्हणून जातील. तू दिल्लीला अर्ज लिही. काशीबाई सांगते, तिखट घाल. म्हणते, त्यांचा कसलाच माल आमाला नको.

आशीर्वाद असू दे.
तुझी पुष्पलता

पालघर, १५ मार्च

चि. सौ. पुष्पलता हीस आशीर्वाद.

कायदा चाळला. आपल्या करार कायद्यात धाक म्हणजे गुन्ह्याची धमकी, नाहीतर माल अडकवणं. नुसतं घेत नाही म्हणणं धाकात बसत नाही. देशादेशांच्या करारात उपाय आहे: आधी चर्चा, मग तक्रार, मग समिती, मग सगळ्यांनी माना डोलावल्या तर आपणही त्यांची सवलत काढायची. तोवर बोंबलांचं खत होईल.

किळस आली बघ. ही दमदाटी गल्लीत केली तर फौजदार येतो; बंदरात केली की शिष्टमंडळ येतं आणि बिस्किटं खातं.

मी सरळ आयातीच्या कायद्यावर बोट ठेवलं आणि लिहिलं, की त्या देशाचा कोणताही माल या किनाऱ्यावर उतरू देऊ नये. वाक्य इतकं झकास जमलं, की बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाजी करपतेय.

काशीबाईंना नमस्कार सांग.
कमलाकांत

सातपाटी, ४ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

बंदी आली! सोसायटीत पेपर वाचला, तेव्हा काशीबाईने घरोघर साखर वाटली.

आठ दिवसांनी मुंबईहून निरोप आला, की आपल्या जाळ्यांचं नायलॉनचं सूत गोदीत अडकलंय. ते त्याच देशाचं निघालं. पुडक्यावर मुंबईच्या दुकानाचा शिक्का असतो, आम्हाला काय ठाऊक? आणि तूही विचारलं नाहीस.

बोंबील पडूनच आहेत. हे रोज होडीपाशी जाऊन बसतात. काशीबाई म्हणते, वकीलदादाला इचार, कायद्याच्या दोऱ्याचं जालं विनता येतं का?

रागाने लिहिलं असेल तर सोडून दे.
पुष्पलता

पालघर, ९ जून

चि. सौ. पुष्पलता हीस आशीर्वाद.

रागाने लिहिलंस ते बरं केलंस.

मुंबईच्या आयात कचेरीत जाऊन आलो. सूत तेवढं सोडा म्हटलं. साहेबाने माझाच अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, की वकीलसाहेब, कोणताही म्हणजे कोणताही ना? सवलत हवी तर वेगळा अर्ज करा, समिती दिवाळीनंतर बसेल. वर हेही कळलं, की त्या देशाने आपली इंजिनं दुसरीकडे खपवलीसुद्धा. त्यांनी मारलं, आपण कायदेशीर उलट मारलं आणि दोन्ही रट्टे जानूरावांच्या पाठीत. थुंकावंसं वाटलं. तिथे त्यालाही मनाई होती.

येताना बाजारातून सुती दोरा घेतला. भिजला की जड होतो, कुजू नये म्हणून झाडाच्या सालीत उकळावा लागतो, पण कुणाची परवानगी लागत नाही. बाबांनी शिकवलेली जाळ्याची गाठ काल रात्री बांधून पाहिली. तिसऱ्या खेपेला बसली. रविवारपासून पुनवेपर्यंत प्रत्येक सुट्टीला येईन. जानूरावांना काही समजावत बसू नकोस. ओटीवर त्यांच्या शेजारी माझ्यापुरती जागा ठेव.

माया आटू देऊ नकोस.
कमलाकांत