खवट पिंप आणि शेठचा रुमाल

गुरुवार, १७ नोव्हेंबर १९९४
भाईंदर पश्चिम

आज पिंप परत गेलं! माझ्या सहीशिवाय!

कालपासून डोक्यात तेच. शार्क लिव्हर ऑइलचं नवीन पिंप आलं. तपासायला घेतलं तर चाचणीत निळा रंग जाता जाईना, म्हणजे तेल खवट. दुसऱ्यांदा केलं, तेच. शेठ लॅबच्या दारातूनच म्हणाले, "मॅडम, मछली का तेल है, बास तो आएगी! सही करो." नाकावर तो पांढरा रुमाल. काशीमीऱ्याला कारखाना काढला तेव्हापासून रुमालाशिवाय कधी आत आलेले नाहीत. पक्के शाकाहारी; त्यांना ताजं काय नि कुजकं काय! मी सही केली नाही. घरी येताना वाटलं, गेली नोकरी.

आज दोन वाट्या मांडल्या. एकीत जुन्या पिंपातलं तेल, दुसरीत नवीन. बाटल्या भरणाऱ्या रोझीमावशी चौक गावच्या कोळीण, जन्म मासळीत गेलेला. त्यांना बोलावलं. त्यांनी नवीन तेल तळहातावर चोळलं, हुंगलं. "ताजे मासलीला असा वास न्हाय. खवट हाय." मग शेठकडे वळून, "रुमाल काढा नि बघा."

मला जमलं असतं असं बोलायला? छे!

शेठनी रुमाल खाली ठेवला. पहिली वाटी हुंगली. "इसमें तो खास बास नहीं!" दुसरीला तीन पावलं मागे.

संध्याकाळी पुन्हा लॅबमध्ये आले, नवीन माल कुणाकडून घ्यायचा ते मला विचारायला. रुमाल माझ्या टेबलावरच पडला होता. उचलला नाही.