एका गळ्याची आठ पानं

४ नोव्हेंबर

पास केलं! बाबांनी ते कातडं पास केलं!

मी समोरच उभी होते. खिडकीच्या उजेडात धरलं, चिमटीत जाडी पाहिली, कण्याची रेघ मधोमध येते का ते पाहिलं, टिचकी मारली, मान डोलावली आणि कोपऱ्यात खडूने खूण केली. मी म्हटलं, "बाबा, परत एकदा मारा." मारली. आवाज छान, भरलेला. पण तो विझताना, अगदी शेवटी — खर्र. वाळूवरून कुणी चप्पल ओढत गेल्यासारखी बारीक खरखर. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते म्हणाले, "गोड आहे."

गोड! ज्या माणसाने जन्मभर दहातली नऊ कातडी परत पाठवली, ज्याच्यासमोर कातडंवाला निकाल ऐकायला आल्यासारखा उभा राहायचा, तो माणूस! दादाला विचारलं तर म्हणे, "वाजतंय की मस्त." त्याला तरी काय विचारायचं. त्याला दाराची घंटा कुठली आणि फोन कुठला हे कळत नाही. गिऱ्हाइकांशी गोड बोलण्यापुरताच तो ढोलवाला.

५ नोव्हेंबर

आज तीन पास. तिन्हीत खरखर.

७ नोव्हेंबर

मास्तर येऊन गेले. त्यांचं पथक दौऱ्यावर निघतंय. आठ ढोल हवेत, आणि आठही एका गळ्याचे. आठ जण एकदम हात टाकणार, आणि ऐकणाऱ्याला एकच मोठा ढोल वाजल्यासारखं वाटलं पाहिजे. एका ढोलाचं पान, म्हणजे तोंडावर मढवलेलं कातडं, वेगळं बोललं तर सगळं फसलं.

बाबा लगेच "देतो" म्हणाले. मास्तर माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडून ढोल नेतात. हसत म्हणाले, "तुमची खडूची खूण असली की मी वाजवूनही बघत नाही." बाबा खूश झाले. मी नाही.

कारण जे काय ठरवायचं ते कोरड्या कातड्यावर, हातात असतानाच. एकदा भिजवलं, ढोलावर मढवलं, ताणून सावलीत वाळवलं, की पान कड्याला असं धरून बसतं की नको असेल तर कापूनच काढावं लागतं. नख, चिमूट आणि कान, एवढंच हातात असतं. नख आणि चिमूट बाबांची अजून तल्लख आहे. कान गेला. आणि हे घरात माझ्याशिवाय कुणाला कळत नाही. लहानपणापासून सगळे म्हणत आलेत, हिचा कान बापाचा. दादा तर मला कानसेनच म्हणतो. तेव्हा बरं वाटायचं. आता वाटतं, हा कान दादाला मिळाला असता आणि मी गल्ल्यावर बसून गोड बोलत राहिले असते तर किती बरं झालं असतं.

९ नोव्हेंबर

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारपण आहे, कान जायचेच. थांब, बघू या." बाबा पाठमोरे बसून दोर वळत होते. आईने मागे जाऊन हळूच एक चमचा खाली टाकला.

"चमचा पडला गं," बाबा म्हणाले. मान वळवली नाही.

मग तिने कुजबुजल्यासारखं विचारलं, "चहा हवा का?" लगेच, "अर्धा कप." आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, चहा तर ते सरणावरूनही ऐकतील. आणि चमचा ऐकणं वेगळं, पान ऐकणं वेगळं. आवाज ऐकायचा नसतो, आवाजाचं शेपूट ऐकायचं असतं. सगळं तिथे असतं. हे बाबांनीच शिकवलं मला, मी इतकुशी असताना, मांडीवर बसवून. "मधलं सगळ्यांना ऐकू येतं. तू शेवट ऐक. पान खोटं असलं तर शेवटी कबूल करतं."

आता त्यांनाच ते ऐकू येत नाही आणि मला तेवढंच येतं.

१० नोव्हेंबर

कातडंवाल्याला बोलावून अख्खा गठ्ठा परत केला. बाबा जेवायला गेले होते ते पाहूनच केला. तो बिचारा हात जोडायला लागला — "ताई, तीच शेळी, तोच चुना, तेच पाणी. तीस वर्षांत असं झालं नाही. साहेबांना दाखवलंत?" मी म्हटलं, मी बघितलं ते पुरे आहे. त्याने गठ्ठा खांद्यावर टाकला आणि दारात काहीतरी बोलला, ते नीट कळलं नाही. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. वहिनीचं तर विचारूच नका. आज म्हणे तिने मला जेवायला तीन हाका मारल्या. मारल्या असतील, स्वयंपाकघरातल्या डब्यात तोंड घालून!

११ नोव्हेंबर

नवा गठ्ठा आला, दुसऱ्या माणसाकडून. तीच खरखर.

१२ नोव्हेंबर

काहीच सुचत नाही. भिजवायचं पाणी बदललं. टाकी घासून घेतली. पाठीकडची कातडी घेतली, पोटाकडची घेतली, बोकडाची घेतली. उजेडात निर्मळ दिसतात, एक डाग नाही, चरबीचा पिवळेपणा नाही. हाताला रेशमासारखी लागतात. टिचकी मारते, डोळे मिटते, शेवटाची वाट बघते — आणि ती असतेच.

रात्री पडल्यावरही तीच. माझ्या खोलीच्या भिंतीवर ढोल टांगलेले आहेत, वारा आला की पानं आपोआप घुमतात, त्यात ती खरखर. पूर्वी त्या घुमण्याने झोप लागायची. आता उशीत डोकं खुपसून पडते.

१४ नोव्हेंबर

आज बोलले. दादाने हात वर केले होते ("तू सांग, तू लाडकी"), आईने विषय बदलला होता, मग उरलं कोण?

बाबा पडवीत बसले होते. समोर पास केलेली कातडी, प्रत्येकाच्या कोपऱ्यात ती नीट गोल खूण. मी म्हटलं, "बाबा, आता कातडी मी निवडते. तुम्ही आराम करा." मला वाटलं रागावतील. देवा, रागवावं असं फार वाटत होतं! पूर्वी चुकीचं कातडं पुढे केलं तर अंगावर फेकायचे. मी आणखी बोलून गेले, "मास्तरांसमोर तुमचं हसं नको व्हायला."

त्यांनी कमरेचा खडू काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "घे," म्हणाले. बास.

एवढ्या सहज कुणी देतं का! त्यांनाही कळलं असणार आपला कान गेलाय ते. मी आत येऊन तोंड धुतलं. परत परत धुतलं.

१५ नोव्हेंबर

खडू माझ्याकडे आहे. खूण करायला एक कातडं नाही.

१७ नोव्हेंबर

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

बाबांनी आधीच पास केलेल्या कातड्यांचे ढोल मढवून झाले होते. आठ. दादाने ओळीने मांडले, म्हणाला, "बघ तरी एकदा, वाळल्यावर सुधारतात कधी कधी." मी एकेकावर थाप टाकत गेले. कडेने फिरून पाहिलं, सगळीकडे सारखा सूर. मग मधोमध एक थाप, आणि थांबले. सगळ्यांत तेच. शेवटच्या एकात जरा कमी वाटली. का तेव्हा बाहेरून गाडी चालली होती म्हणून, देव जाणे.

मी सुरी घेतली. बाबा दारात येऊन उभे राहिले. "हे कापू नकोस," म्हणाले. ओरडले नाहीत. मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही, बाबा." तोंडावर म्हटलं! मी सात पानं कापली. ताणलेलं पान कापताना एक मोठा आवाज होतो, माणसाने दचकून श्वास घ्यावा तसा. सात वेळा झाला.

नंतर बघते तर बाबा दारात नव्हते. मागे नळाखाली हात धूत होते. हात स्वच्छच होते त्यांचे.

१९ नोव्हेंबर

मास्तर आले. आठच्या जागी चार ढोल. तो एक वाचलेला, आणि तीन मी नव्याने निवडून मढवलेले. त्यातल्या त्यात कमी खरखरीची कातडी घेतली होती. जाड होती, मला माहीत आहे. जाड कातडं लवकर गप्प होतं.

मास्तरांनी वाचलेल्या ढोलावर थाप टाकली आणि चेहरा उजळला. "हा! हा आपला." मग बाकीचे तीन. एक वाजवला, दुसरा वाजवला. तिसऱ्याच्या वेळी माझ्याकडे न बघता विचारलं, "हे कुणी निवडले?"

आता बाबा बोलतील, असं वाटलं. बोलले — "ह्या वेळी कातडीच बरी मिळाली नाहीत. हवा दमट आहे." हवा कोरडी ठणठणीत आहे! ते मला पाठीशी घालत होते. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "मास्तर, मी निवडले. आणि तो जो तुम्हाला आवडला ना, त्यात खरखर आहे. शेवटी ऐका." त्यांनी परत थाप टाकली, कान पानाला लावला, डोळे मिटले. "कुठे?" "आत्ता! आत्ता ऐका!" "नाही बुवा."

यांचं आयुष्य ढोलाला चिकटून गेलं, कान कशाला उरतील! मनात म्हटलं. मास्तर म्हणाले, महिनाअखेरीला येतो, तेव्हा आठ नसले तर दुसरीकडून घ्यावे लागतील, वाईट वाटून घेऊ नका. दाराशी बाबांचा हात बराच वेळ हातात धरून उभे होते. मेलेल्याच्या घरून निघताना धरतात तसा.

नाव जाणार. बाबांचं ऐकलं तरी जाणार, माझं ऐकलं तरी जाणार. हात टेकले मी.

२० नोव्हेंबर

बाबा सकाळी माझ्या शेजारी येऊन बसले. दोघंही कातडी चाळत होतो. हळूच म्हणाले, "पोरी, ती खरखर कधीपासून आहे?"

"उन्हाळा संपल्यापासून असेल."

"सगळ्या कातड्यांत?"

"सगळ्या."

त्यांनी बाकावर बोटाने टकटक केलं. "यात?" मी ऐकलं. होती थोडी. म्हटलं, भिंतीवर एवढे ढोल टांगलेत, त्यांचीच येत असणार. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदा. मला इतका राग आला! चूक स्वतःची आणि कीव माझी?

दुपारी दादा येऊन म्हणाला, "बाबा म्हणतायत, तू चार दिवस अक्काकडे जाऊन ये." अक्का, आमची मोठी बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. मी विचारलं, आत्ताच का? तो खाली बघायला लागला. कळलं मला. मी घरात नसले की बाबा धडाधड खुणा करणार. खडूसुद्धा मागून घेतला माझ्याकडून. मी दिला. काय करणार! भांडायचं बळ उरलेलं नाही. करा म्हटलं, काय करायचं ते करा.

२१ नोव्हेंबर

अक्काकडे आले. तिने मला बघून काहीच विचारलं नाही, म्हणजे घरून फोन आलेला असणार. तिच्या नवऱ्याला ओळखीच्या कुठल्यातरी डॉक्टरची चौकशी करायला सांगत होती. बाबांसाठी असेल. उशिरा का होईना, सुचलं कुणालातरी.

२२ नोव्हेंबर

दुपार. मुलं शाळेत, अक्का झोपलीय. पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली. या घरात एकही ढोल नाही. डफ नाही, डबासुद्धा कुणी वाजवत नाहीये.

ती आहे. तशीच, बारीक, संपतच नाहीये.

मी सात चांगली पानं कापली.